अप्पांची बेचाळीस मिनिटे

माझ्या एका कडेला चीर गेली आहे आणि पाठीवर चिकटपट्टीचा चौकोनी डाग राहिला आहे. मित्रांनो, मी आहे एक जुना रेकॉर्डर. लांबीला माणसाच्या मधल्या बोटाएवढा, रंगाने काळा, माणसे बोलतात ते टिपून ठेवणारा. माझ्या पोटात पुष्कळ माणसांचे आवाज आहेत. त्यातला एक आवाज मला स्वस्थ बसू देत नाही. त्याचीच गोष्ट सांगतो. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मी मुंबईला आलो आणि फोर्टमधल्या एका दुकानात काचेमागे वर्षभर बसलो. तिथून मला गिरगावच्या नाना सबनीसांनी घरी आणले. नाना एका सॉलिसिटरच्या कचेरीत लघुलेखक होते. साहेब भराभर मजकूर सांगत, मी तो टिपून ठेवी आणि नाना तो पुन्हा ऐकून टाइप करत. सहा-सात वर्षे माझ्या पोटात नोटिसा, करारनामे आणि 'आपला विश्वासू' यांखेरीज काही गेले नाही. पण नाना मला जपत. कापसाच्या बोळ्याने माझी जाळी साफ करत, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवत. "साहेब खोकले तर खोकला गाळायचा. बाकी शब्द इकडचा तिकडे होता कामा नये," असे ते आपल्या मुलीला सांगत. त्या मुलीचे नाव वैदेही.

वैदेही कायदा शिकली. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दोन सज्ञान पुरुषांनी किंवा दोन बायकांनी राजीखुशीने एकमेकांवर प्रेम केले तर तो गुन्हा नव्हे. वैदेहीच्या कॉलेजात त्या दिवशी पेढे वाटले गेले. तिला मात्र पुढचाच प्रश्न पडला. गुन्हा नाही, ठीक. पण अशा जोडीतला एक जण गेला तर मागे राहिलेल्याचे काय? घर कुणाचे? इस्पितळात सही कुणाची? कायदा कुटुंबातले माणूस म्हणतो तरी कुणाला? यावरच पीएच.डी. करायची असे तिने ठरवले. नानांनी विषय ऐकला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कपाटातून मला काढून तिच्या हातावर ठेवले.

"माणसं बोलतील तुझ्याशी. नीट ऐक," एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, ती माझी उमेदीची वर्षे! दादरच्या एका शिक्षिकेने मला सांगितले की, वीस वर्षे तिच्यासोबत राहणारी मैत्रीण रेशनकार्डावर तिची 'बहीण' आहे. गिरगावातल्या एका शिंप्याने सांगितले की, त्याच्या जोडीदाराला अतिदक्षता विभागात ठेवले तेव्हा त्याला दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवले, कारण आत फक्त घरचे. कुणी बोलता बोलता थांबे, कुणी पाण्याचा घोट घेई, आणि मी ते थांबणेसुद्धा टिपून घेई. पेन शब्द लिहिते, मी श्वास ठेवतो, असा मला गर्व झाला होता.

वैदेहीच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मालनताई नावाच्या शिपाई होत्या. पुस्तके काढून देता देता त्यांना वैदेहीचा विषय कळला होता. एक दिवस त्या तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, आमच्या चाळीत, माझ्याच माळ्यावर एक म्हातारा आहे. लालबागला. तुमच्या कामाचा आहे तो. पण हळू विचारा हां. दुखरं माणूस आहे."

तो म्हातारा म्हणजे धोंडू तेंडोलकर. चाळ त्यांना अप्पा म्हणे. वय सत्तर. पाठ ताठ, सदरा धुतलेला, नखे कापलेली. पूर्वी एका गिरणीत ते फोल्डिंग खात्यात, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला होते. संपानंतर एका खानावळीत स्वयंपाकी झाले. चाळीतल्या खोलीत ते शिवा घाडी यांच्याबरोबर १९७६ पासून राहत होते. शिवाही गिरणीतलेच, साच्यावर म्हणजे मागावर काम करणारे. भाडेपावती शिवांच्या नावाची. २०२१ मध्ये शिवा दम्याने गेले. आणि वर्षभरात चाळ पाडून टॉवर उभा करायला बिल्डर आला. पावती ज्याची, त्याला नवे घर. पण पावतीवाला तर नव्हता.

तेव्हा शिवांचा पुतण्या मयूर पुढे आला. मयूर वाईट माणूस नव्हता. ठाण्यापलीकडे दिव्याला एका खोलीत बायको, दोन मुले आणि आजारी आई घेऊन राहत होता. काकाला अग्नी त्यानेच दिला होता. आता काकाची खोली वारसाने आपल्याला मिळावी, असा त्याने कोर्टात दावा लावला. कायद्यात तरतूद अशी की, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस असेल तर भाडेहक्क आधी त्याचा. अप्पांच्या वकिलाने त्यांना विचारले, "तुमचं नातं काय?" अप्पा म्हणाले, "मावसभाऊ." चाळीला पंचेचाळीस वर्षे तेच ठाऊक होते. वकिलाने तसे प्रतिज्ञापत्र केले. अप्पांनी सही केली.

वैदेही पहिल्यांदा गेली तेव्हा अप्पांनी तिलाही तेच सांगितले. दुसऱ्यांदा गेली तेव्हा चहा दिला आणि पावसापाण्याचे बोलले. तिसऱ्यांदा ती मला पिशवीतच ठेवून नुसती बसली. बऱ्याच वेळाने अप्पाच म्हणाले, "तुझं ते यंत्र आणलंयस?"

"आणलंय. पण तुम्हाला नको असेल तर राहू दे, अप्पा."

"काढ. एकदा कुणाकडे तरी बोलायचंच होतं. शिवा गेल्यापास्नं मला धोंडू म्हणणारा कोण उरला नाय." मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "पण हे जाणार कुठं?"

"फक्त माझ्या प्रबंधात. तुमचं नाव बदलेन. चाळीचंही."

"कोर्टात मी मावसभाऊ आहे. ध्यानात ठेव हां, बाय."

"ठेवीन, अप्पा. शब्द देते."

हा शब्दही माझ्यात आहे. अगदी सुरुवातीला, अप्पांच्या आवाजाच्या आधी.

नंतर अप्पा बेचाळीस मिनिटे बोलले. गिरणीच्या दारावर ओळख कशी झाली, शिवांनी खोली घेतल्यावर 'धोंडू, ये राहायला' असे कसे म्हटले, संपात दोघांनी चपलांचा एकच जोड आलटून पालटून कसा वापरला, सारे सांगितले. मग त्यांनी जे सांगितले ते मी शब्द न बदलता तुम्हाला सांगतो.

"खोलीत एक खाट. खाली माझी पथारी. पथारी मी रोज घालायचो. आणि सकाळी उठून हातानं चुरगाळायचो. उशीवर डोकं दाबून खळगा पाडायचो. दूधवाला डोकावला, कोण शेजारीण डोकावली, तर दिसायला नको की हिच्यावर कोण झोपलंच नाय. पंचेचाळीस वर्षं, बाय. शिवा हसायचा. म्हणायचा, मिलपेक्षा जास्त नोकरी तू ह्या पथारीवर केलीस." इथे अप्पा हसले. मग बराच वेळ माझ्यात फक्त पंख्याचा आवाज आहे. "तो गेला त्या दिवशी मी पथारीवर झोपलो. खरोखरचा. सकाळी चुरगाळायला लागली नाय."

वैदेही रडली. मी रडू शकत नाही, पण माझा लाल दिवा त्या दिवशी मला जड झाला होता.

तिने ते प्रकरण लिहिले. खरे सांगतो मित्रांनो, सुंदर लिहिले. कायदा माणसाला आधी खोटे बोलायला लावतो आणि मग त्या खोट्याची शिक्षाही त्यालाच देतो, असे तिचे म्हणणे होते. पण लिहून झाल्यावर ती घाबरली. आपले मार्गदर्शक पुष्कर सर यांच्यापुढे तिने पाने ठेवली आणि म्हणाली, "सर, यांची केस चालू आहे. निकाल लागेपर्यंत हे प्रकरण बाजूला ठेवावं म्हणते."

सरांनी पाने तिथेच वाचली. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"वैदेही, तुझ्या अख्ख्या प्रबंधात हेच एक प्रकरण जिवंत आहे. हे काढलंस तर उरतं काय? न्यायनिवाड्यांची यादी."

"पण सर, मी त्यांना शब्द दिलाय."

"नाव बदललंयस ना? चाळीचं नाव नाही. मग अडतंय कुठं? आणि कोर्टातली केस किती वर्षं चालेल ते तू मला सांगणार आहेस का?"

मी तिच्या पिशवीत होतो. मी वाट पाहत होतो की ती आता 'नाही' म्हणेल. ती म्हणाली, "ठीक आहे, सर."

अप्पांचे तिने 'अ' केले आणि शिवांचे 'श'. पण फोल्डिंग खाते तसेच राहिले, १९७६ साल राहिले, पुतण्याचा दावा राहिला, मावसभावाचे प्रतिज्ञापत्र राहिले आणि पथारी राहिली. पथारी कशी काढणार? तीच तर सगळ्यांना आवडली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी त्या प्रकरणाची वाखाणणी केली. पुष्कर सरांनी मला उचलून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, "एवढंसं यंत्र, पण यानं कायद्याला कान दिले." टाळ्या वाजल्या. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान. आज तो आठवला की मला किळस येते. वैदेही डॉक्टर झाली. परळच्या विधी महाविद्यालयात तिला नोकरी लागली. प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढला, आणि सरांनी एका रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. लेखाची सुरुवातच पथारीने होती.

प्रबंध कोण वाचतो? पण पुरवणीतला लेख फोनवरून फिरला. चाळीच्या ग्रुपवर तो आला तेव्हा कुणीतरी खाली फक्त एक प्रश्नचिन्ह टाकले. संध्याकाळपर्यंत सगळ्या माळ्यांना उत्तर कळले होते.

दुसऱ्या दिवशी मालनताई परळला आल्या. ओळखपत्र गळ्यातच होते, कामावरून तशाच आल्या होत्या. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, पथारी छापलीत तुम्ही?"

"मालनताई, नाव कुठंच नाही त्यांचं..."

"नाव कशाला लागतंय? मी त्या पथारीशेजारी बसून चहा प्यायलेय. चाळीत कुणी नाही प्यायला?" त्यांचा आवाज फुटला. "मी नेलं हो तुम्हाला त्यांच्याकडे. मी."

अप्पांना कुणी शिवी दिली नाही. दगड मारला नाही. तसे झाले असते तर निदान ते दिसले तरी असते. खाली कॅरम खेळणाऱ्यांनी त्यांना हाक मारायचे सोडले, एवढेच. वाटीतून भाजी येईनाशी झाली. माळ्यावरच्या गणपतीची फुलांची आरास चाळीस वर्षे अप्पा करत. त्या वर्षी पोरांनी अदबीने सांगितले, "अप्पा, तुम्ही आता दमलात. बसा आरामात." अप्पा खुर्चीवर बसले. आरास होईपर्यंत बसले. मग उठून खोलीत गेले.

मयूरच्या वकिलाने प्रबंधाची प्रत काढून कोर्टात हजर केली. उलटतपासाच्या दिवशी वैदेही मागच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत मी.

"तुमच्या आईचं माहेरचं आडनाव?" वकिलाने विचारले.

अप्पांनी सांगितले.

"शिवराम घाडींच्या आईचं?"

अप्पांनी तेही सांगितले.

"मग त्या बहिणी कशा?"

अप्पांचे वकील उठले, काही हरकत घेतली, ती नोंदली गेली. पुन्हा तोच प्रश्न आला. अप्पांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. मागे वळून पाहिले असते तर त्यांना वैदेही दिसली असती. ते वळले नाहीत.

"बहिणी नव्हत्या."

"म्हणजे तुम्ही मावसभाऊ नाही?"

"नाय."

"मग शिवराम घाडींचे तुम्ही कोण?"

कोर्टात टाइप करणाऱ्याची बोटे थांबली. अप्पा म्हणाले, "आम्ही एकत्र राह्यलो." एवढेच टाइप झाले.

निकाल पुढच्या वर्षी लागला. खोटे प्रतिज्ञापत्र करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, आणि प्रत्यक्षात जे नाते होते असे दिसते ते या कायद्यातल्या कुटुंबात बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. खोली मयूरची झाली. कोर्टाच्या जिन्यात मयूर अप्पांना म्हणाला, "काका, मला हे असं नको होतं. ते प्रबंधाचं वकिलानं काढलं."

"तुझ्या पोरांक घर व्हया होता," अप्पा गावच्या मालवणीत म्हणाले. व्हया म्हणजे हवे. "खोटा तू नाय बोललंस रे. मी बोललंय." आणि कठड्याला धरून ते खाली उतरले.

त्या रात्री वैदेहीने नानांना सगळे सांगितले. नाना आता थकले आहेत. त्यांनी ते प्रकरण मागून घेतले, मला शेजारी लावले, आणि जन्मभराच्या सवयीने शब्दाशी शब्द ताडून पाहिला.

"एक शब्द चुकवला नाहीस तू," ते शेवटी म्हणाले. "तेच वाईट झालं, पोरी."

अप्पा आता शीव कोळीवाड्याला असतात. ज्या खानावळीत त्यांनी स्वयंपाक केला, तिच्या मालकाने त्यांना पोटमाळ्यावर जागा दिली. दिवसा ते खाली बसून लसूण सोलतात. वैदेही तिथे गेली, पण निकालानंतर लगेच नाही. धीर व्हायला तिला चार महिने लागले. आणि मित्रांनो, गेली तेव्हा एकट्या माफीसाठी गेली नव्हती. एक प्रकाशक प्रबंधाचे पुस्तक करणार होते आणि त्यांना शेवटी 'पुढे काय झाले' असे छोटे प्रकरण हवे होते.

ती अप्पांच्या समोर बसली. "अप्पा, मला माफ करा," म्हणाली. खरे मनापासून म्हणाली. अप्पांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मला कळले नाही. मग तिचा हात सवयीने पिशवीत गेला. तिने मला लसणाच्या सालींशेजारी ठेवले. माझा लाल दिवा लागला.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. सुरी खाली ठेवली.

"ह्यात शिवाचा आवाज नाय ना गो?"

"नाही अप्पा. तुमचाच आहे."

"बरा झाला. तो तरी वाचलो." मग त्यांनी विचारले, "हे पुसता येतं?"

"येतं."

"मग पूस."

वैदेहीचा चेहरा उतरला. ती अडखळत म्हणाली, "अप्पा, कॉलेजचा नियम आहे. मूळ ध्वनिमुद्रण पाच वर्षं ठेवावं लागतं. कुणी पडताळायला मागितलं तर..."

अप्पा हसले. पथारीचे सांगताना हसले होते तसे नव्हे.

"कोर्टाक नाता व्हया. तुझ्या कॉलेजाक आवाज व्हयो. आमका दोघांक काय व्हया होता, ता कोणीच इचारूक नाय." त्यांनी सुरी उचलली. "जा बाय. गिऱ्हाइकांची वेळ झाली."

पुस्तक निघाले. ते शेवटचे प्रकरण त्यात आहे. लसणाच्या सालीही आहेत.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी तुम्हाला विनवते की आम्हाला जपा, फेकू नका. मी तसे विनवणार नाही. मला फार जपले गेले आहे. उद्या तुमच्याजवळ कुणी मन मोकळे केले, तर ते ऐकून विसरून जाण्याइतका मोठेपणा तुमच्यात असू दे. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी परळच्या त्या महाविद्यालयात शिकायला आलात, तर दुसऱ्या मजल्यावर डॉ. वैदेही सबनीस यांचे टेबल आहे. खणाला कुलूप नसते. माझ्या उजव्या कडेला पुसायचे एक छोटे बटण आहे. ते नुसते दाबून चालत नाही. दोन सेकंद दाबून धरावे लागते.